बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

(स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



29 सप्टेंबर 1883 ला इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्यासोबत त्यांच्या अडीच वर्षांच्या लेकीचा, मनोरमेचाही झाला. ही बातमी पुण्यात पोचल्यावर काय घडलं ते आपण थोडंफार वाचून आहात. वर्षापूर्वी ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्यांतल्या अनेकांनी पाठ फिरवली, आणि पुढे कित्येक वर्षं मराठी घरांत या बाईंचं नाव आवाज खाली आणून घेतलं गेलं. आज मला त्या दिवसाबद्दल फारसं बोलायचं नाही. त्या दिवसाची नोंद आहे, त्यावर पुस्तकं आहेत, वाद आहेत. मला बोलायचं आहे ते एका दुसऱ्या घटनेबद्दल. तिची तारीख कोणत्याही चर्चच्या नोंदवहीत सापडत नाही.

1907 साली रमाबाईंनी आपली साक्ष लिहून काढली. तीत त्या सांगतात की बाप्तिस्मा होऊन आठेक वर्षं लोटल्यावर, म्हणजे 1891 च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही.

या आठ वर्षांत काय काय झालं होतं ते आधी पाहा. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतलं होतं आणि संस्कृत शिकवलं होतं. 1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि मग अमेरिकाभर बोलत फिरल्या. 1887 साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. बॉस्टनला त्यांच्या नावानं संस्था उभी राहिली, पैसा जमला, आणि 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. विधवा मुली शिकू लागल्या. बाहेरून पाहणाऱ्याला याहून चांगलं ख्रिस्ती आयुष्य कोणतं दिसणार? आणि नेमकं याच आयुष्याकडे पाहून त्या बाई म्हणतात की मूळ गोष्ट अजून झालीच नव्हती.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी रविवारी उपासनेला आणि सोमवारी वर्गावर एकच माणूस म्हणून जात, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून हा विषय इथेच मांडावासा वाटला.

सभेत सगळेच ख्रिस्ती नाहीत, तेव्हा विश्वासाची बाजू आधी थोडक्यात सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक वयस्कर, विद्वान परूशी, म्हणजे धर्मनियम कसोशीनं पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. येशू त्याला सांगतो की नव्यानं जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसायचं नाही. निकदेम गोंधळतो, म्हाताऱ्या माणसानं आईच्या पोटात परत कसं जायचं, असं विचारतो. हा जन्म मेल्यानंतर येणारा पुढचा जन्म नाही, तो याच देहात, याच गावात, याच माणसांमध्ये राहून व्हायचा आहे. त्याची किंमत पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केली आहे. बाप्तिस्मा घेणारा माणूस ख्रिस्ताबरोबर मरतो, त्याच्याबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर उठतो. पहिल्या काही शतकांतली मंडळी हे शब्दशः करून दाखवत. मिलान शहरात चौथ्या शतकातल्या बाप्तिस्मागृहाचे अवशेष कॅथीड्रलखाली आजही पाहायला मिळतात. मधोमध आठ कोनांचं कुंड आहे. उमेदवारानं त्यात कबरीत उतरावं तसं उतरायचं आणि वर यायचं. 387 च्या ईस्टरला ऑगस्टीननं तिथेच बिशप अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतला.

त्याच ऑगस्टीननं पुढे दहाएक वर्षांनी, स्वतः बिशप झाल्यावर, आपलं आत्मनिवेदन लिहिलं. त्याच्या दहाव्या भागात तो आपल्या आजच्या अवस्थेची झडती घेतो आणि कबूल करतो की स्तुतीचा मोह अजून सुटलेला नाही. लोकांनी चांगलं म्हटलं की बरं वाटतं, आणि स्तुतीची पर्वा नाही असं म्हणण्यातही गर्व शिरतो. म्हणजे कुंडात उतरून वर आलेल्या माणसातही जुना मनुष्य श्वास घेत असतो. क्रूस रोजच्या रोज उचलायचा असतो, तो याच्यासाठी.

मराठी कानांना हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. आपलं मरण आपणच पाहिल्याचा अनुभव तुकोबांनी अभंगातून सांगितला आहे. नारायण वामन टिळक तर म्हणत की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायांशी आलो. दुसऱ्या जन्माची कल्पनाही या मातीत होतीच. मुंज झाली की मुलगा दुसऱ्यांदा जन्मला असं मानत. फक्त तो जन्म काही घरांतल्या मुलग्यांनाच मिळे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला आणि बायकोकरवी मुलीला संस्कृत शिकवलं, तेव्हा ही रेघ त्यांनी आपल्यापुरती पुसली होती. त्याबद्दल त्यांना जातभाईंचा रोष पत्करावा लागला.

आता त्या मुलीकडे येऊ. रमाबाईंचा जन्म 1858 चा. त्यांच्या तरुणपणाची पानं वाचताना मला वारंवार थांबावं लागतं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात संपलं आणि दुष्काळ आला. 1874 साली वडील गेले, मग आई. आई गेली ती रायचूरला. ब्राह्मणांनी खांदा द्यायला यावं तर कोणी येईना. शेवटी दोघे जण तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास. चौथा खांदा मुलीनं दिला. ती उंचीनं इतकी कमी होती की दांडा तिच्या खांद्यावर राहीना, म्हणून तिनं तो डोक्यावर घेतला. स्मशान तीनेक मैल दूर होतं. पुढे मोठी बहीणही गेली. मग ही दोन भावंडं पायी हिंडत उत्तरेकडे गेली. झेलमच्या काठी थंडी इतकी की अंगावरच्या कपड्यांनी भागेना. तेव्हा दोघं रात्री नदीच्या वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणत, त्यांत आडवी होत आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेत. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पौलाचं पत्र वाचण्याच्या कितीतरी आधी ही बाई रात्रीमागून रात्री स्वतःला पुरून घेत होती आणि सकाळी उठत होती.

पुढे ढाक्याला भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत, 1882 च्या फेब्रुवारीत, पटकीनं तेही गेले. विशी ओलांडून थोडी वर्षं झालेली ही बाई, पदरात एक तान्हं मूल.

मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. दुःख सोसल्यानं माणूस आपोआप स्वतःला मरत नाही, म्हणजे त्याच्यातला जुना मनुष्य जात नाही. आपल्याकडे, चर्चमध्येही, अशी एक समजूत आहे की ज्याचं सगळं गेलं तो नम्र होतो. बऱ्याचदा उलट घडतं. सगळं गेलं की जे उरतं ते माणूस दोन्ही हातांनी घट्ट धरतो. रमाबाईंजवळ उरली होती विद्या, निर्धार आणि स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास. कलकत्त्याच्या पंडितांनी 1878 साली त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं होतं ते या बळावर. या बळानंच त्या जगल्या. त्याला मी दोष देत नाही. पण पुढची गोष्ट समजायची तर ते बळ किती मोठं होतं हे लक्षात घ्यायला हवं.

वाँटेजला त्या ज्या भगिनीसंघाकडे राहिल्या, तिथल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या. दोघींचा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली छापला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांनी अवश्य वाचावा. एकोणिसाव्या शतकातली इतकी जिवंत धर्मचर्चा मला दुसरीकडे आढळलेली नाही. अंडं घातलेलं पक्वान्न रमाबाई खात नाहीत. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं विचारतात. एखादं मत चर्चनं शिकवलं एवढ्यावर मान्य करायला त्या तयार नाहीत. नुकतीच एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवली आहे, लगेच दुसऱ्या जोखडात देणार नाही, असं त्या बजावतात. सिस्टर जेराल्डीनना यात गर्व दिसला. त्या प्रेमळ बाई होत्या, पण आज्ञाधारकपणा आणि नम्रता यांत त्यांना फरक करता आला नाही. आजचा वाचक या पत्रांत स्वाभिमान पाहतो आणि टाळ्या वाजवतो. मला दोन्ही निवाडे घाईचे वाटतात.

कारण त्याच घरानं एक वेगळं मरणही पाहिलं होतं. रमाबाईंबरोबर इंग्लंडला आलेल्या आनंदीबाई भगत यांनी, बाप्तिस्म्याला थोडे दिवस राहिले असताना, तिथेच आत्महत्या केली. त्या घटनेची कारणं शोधत बसणं मला योग्य वाटत नाही. एवढंच म्हणतो की स्वतःला मरणं म्हणजे स्वतःला संपवणं नव्हे, हे शुभवर्तमान ठामपणे सांगतं आणि आपण व्यासपीठावरून ते पुरेसं सांगत नाही. ज्याला शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची आज्ञा आहे, त्याच्याजवळ आधी स्वतः असावा लागतो.

मग 1891 च्या सुमारास रमाबाईंमध्ये मेलं काय?

त्या वेळी त्यांच्या हाती एक पुस्तक आलं. विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं ते आत्मवृत्त, मरणातून जीवनात आल्याचं. हॅस्लम कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावी पाळक होता. विधींना जपणारा, मंडळीची निगा राखणारा, चर्चची इमारत हौसेनं उभी करणारा. त्याचा माळी क्षयानं आजारी पडला. त्या माळ्याला दुसऱ्या कोणाच्या बोलण्यातून अंतःकरणाची शांती मिळाली, आणि ते ऐकून पाळकसाहेब खट्टू झाले, कारण ती त्यांच्या हातून मिळाली नव्हती. मग एका जाणत्या धर्मोपदेशकानं त्याला तोंडावर सांगितलं की तुझंच अजून परिवर्तन झालेलं नाही. 1851 सालच्या एका रविवारी हॅस्लम हे ओझं घेऊन व्यासपीठावर चढला. ख्रिस्ताविषयी तुम्हांला काय वाटतं, हा येशूनं परूश्यांना विचारलेला प्रश्न त्या दिवशीच्या पाठात होता. बोलता बोलता त्याला दिसलं की तो परूशी मीच. त्याचा आवाज बदलला. मंडळीत बसलेला एक साधा उपदेशक उठून उभा राहिला आणि ओरडला की पाळकाचं परिवर्तन झालं! सगळं चर्च रडू-गाऊ लागलं.

हे पुस्तक रमाबाईंना का भिडलं असावं? इथून पुढे मी माझं वाचन सांगतो आहे, ते तपासून घ्या. लहानपणापासून त्यांनी पुण्याचा हिशेब पाहिला होता. इतकी पारायणं, इतके उपवास, इतकी दक्षिणा, इतकी तीर्थं, आणि अखेर देव प्रसन्न झाला पाहिजे अशी वाट. आईवडील त्या वाटेकडे डोळे लावून उपाशी मेले. तो धर्म त्यांनी सोडला. पण खतावणी बरोबर आली, फक्त तिच्यातली खाती बदलली. बाप्तिस्मा घेतला, धर्ममतं तपासून पटवून घेतली, अनाथ विधवांसाठी देह झिजवला. जमा बाजू भरत गेली आणि मन रितंच राहिलं. देवाची कृपा फुकट मिळते, ती कमवावी लागत नाही, हे वाक्य ऐकणं सोपं आहे. ज्या बाईनं आयुष्यातली प्रत्येक गोष्ट स्वतःच्या बळावर मिळवली, तिला ते मान्य करणं म्हणजे मरणच. 1891 साली मेली ती मिळवणारी. विचार करणारी, प्रश्न विचारणारी, नाही म्हणणारी रमाबाई जिवंत राहिली.

याचा पुरावा पुढच्या वर्षांत आहे. 1893 साली शारदा सदनावर वादळ आलं. सदन तोवर पुण्याला आलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. ज्या मुलींना यावंसं वाटे त्या येऊन बसत. काही मुलींचा ओढा ख्रिस्ताकडे दिसू लागला. 'केसरी'नं झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी कितीतरी मुली काढून नेल्या. दार लावून घेतलं असतं तर बरंच काही वाचलं असतं. त्यांनी दार लावलं नाही. रानडे-भांडारकरांची बाजूही मला समजते. सदन धर्मापासून अलिप्त राहील या भरवशावर त्यांनी नाव दिलं होतं, आणि त्यांना फसल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही. पण रमाबाईंकडे पाहा. पुण्यातली प्रतिष्ठा, जी त्यांनी एकदा गमावून पुन्हा मिळवली होती, ती दुसऱ्यांदा गेली आणि या वेळी त्यांच्या लिहिण्यात आरडाओरडा नाही. त्याच वर्षी त्यांच्या सदनातल्या गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या हिंदूच राहिल्या, आनंदीबाई कर्वे झाल्या, आणि सदनाचं ऋण त्यांनी मोकळेपणानं मानलं.

1897 साली पुण्यात प्लेग आला. सरकारी प्लेग-व्यवस्थेत बायकांचे काय हाल होतात हे त्यांनी वर्तमानपत्रात जाहीरपणे लिहिलं. मुंबईच्या गव्हर्नरला ते झोंबलं. सरकार राणीचं होतं, धर्म राणीचा आणि त्यांचा एकच होता. स्वतःला मेलेलं माणूस गप्प बसतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही पत्रं डोळ्यांसमोर ठेवावीत. गप्प बसतो तो स्वतःला जपणारा.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. वीसेक वर्षांपूर्वी स्वतः झाडपाल्यावर दिवस काढलेल्या बाईला त्या मुलींच्या चेहऱ्यांत काय दिसलं असेल ते सांगायला नको. त्या गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर नेलं, जिथे सदनाच्या खर्चासाठी फळबाग लावायचा बेत होता. मुक्ती मिशन असं उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अंध मुलींसाठी एक घर, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, विहिरी, शेती, माग, तेलघाणा, छापखाना.

आता माझ्या विषयाचा सगळ्यात अवघड भाग येतो. या मुलींना स्वतःला मरा असं सांगायचं का? केशवपन झालेली दहा-बारा वर्षांची विधवा घरातल्या कोपऱ्यात मेल्यासारखीच असे. तिचं नाव कोणी हाकारत नसे, सकाळी तिचं तोंड पाहायला नको असे, पंगतीत तिला जागा नसे. जिला 'मी' म्हणायची कधी संधीच मिळाली नाही, तिच्यापुढे अहंकार सोडण्याचं प्रवचन करणं मला क्रूर वाटतं, आणि ते प्रवचन आपल्या मंडळ्यांतही झालेलं आहे. दारूड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, तुझा क्रूस समज आणि सोस, असं सांगणारे पाळक मी ऐकले आहेत. हे ख्रिस्ताचं शिक्षण नाही. येशूनं स्वतःला नाकारायला सांगितलं ते आपल्यामागे येऊ इच्छिणाऱ्यांना. त्याच्या उजव्या-डाव्या बाजूला बसण्यावरून भांडणारे शिष्य त्यांच्यातलेच. याईराच्या बारा वर्षांच्या मुलीपाशी मात्र तो गेला, तेव्हा लोक ती मेली म्हणून रडत होते. त्यानं तिचा हात धरला, तिला ऊठ म्हटलं, आणि ती चालू लागल्यावर घरच्यांना सांगितलं की हिला खायला द्या.

मार्कनं तो शेवटचा हुकूम लिहून ठेवला याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. केडगावला हाच क्रम होता. आधी जेवण, अंघोळ, खरूज-जखमांवर औषध, मग अक्षर, मग हाताला काम. मनोरमाबाईंनी ब्रेल शिकून घेतलं आणि अंध मुलींना शिकवलं. आपण कोणीतरी आहोत हे त्या मुलींना बऱ्याच काळानंतर उमगलं. त्यानंतर कधीतरी, काहींच्या बाबतीत, ते दुसरं मरण आणि दुसरा जन्म. 1905 च्या जूनमध्ये तिथे जे जागरण झालं, मुली रडू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, त्याची ख्याती जगभर गेली. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी फार थांबत नाही. मला त्या रडण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी आजाऱ्यांचं पाणी कोणी भरलं हे महत्त्वाचं वाटतं, आणि मुक्तीत ते भरलं जात होतं.

टिळक पति-पत्नींचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय मराठीत पुरा होत नाही. 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशानं टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. गिरिप्रवचनापाशी ते अडकले आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये घेतला. मधल्या काळात त्या पतीपासून दूर, सोवळं सांभाळत राहिल्या, आणि परत आल्यावरही चूल वेगळी ठेवली. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना आठवेल की त्यांच्या बाबतीत जुन्याचं मरण धर्ममताच्या चर्चेतून आलं नाही. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, आणि मग कोणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. मेलं ते सोवळं. त्यांचा बाप्तिस्मा त्याच्यामागून झाला. आणि टिळकांचं पाहा: इतकी वर्षं मिशनमध्ये काम केल्यावर 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला, साताऱ्यात देवाचा दरबार मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांना त्यात जागा ठेवली. दोन वर्षांत ते गेले. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनीही त्यांना सोडण्यासारखं काही सापडत होतं.

लक्ष्मीबाईंमध्ये जे मेलं ते आमच्या मंडळ्यांत मात्र पुरतं मेलं नाही, हे इथे बोललं पाहिजे. एका कुंडातून वर आलेल्या माणसांनी लग्नं ठरवताना मागचं गाव, मागची आळी, मागची जात शोधली. आजही शोधतात. पूर्वीचा कोण, हे विचारणं थांबलेलं नाही. नोंदवहीतली बाप्तिस्म्याची तारीख दाखवून हे झाकता येत नाही. ज्या मंडळीला रमाबाईंचं नाव घ्यायला आवडतं, तिनं त्यांची ती आठ वर्षंही आपली मानावीत.

शेवटी त्यांच्या शेवटच्या कामाकडे येतो. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा खेड्यातल्या बाईला जड जाते असं रमाबाईंना वाटलं. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साधारण 1905 नंतरची उरलेली सारी वर्षं नव्या भाषांतराला दिली. हे भाषांतर साहित्यगुणांवर टिकलं नाही, अभ्यासकांनी त्यातले दोष दाखवले आहेत, आणि आज ते क्वचितच कोणी वाचतं. त्याचं मोल माझ्या दृष्टीनं आणखी एका ठिकाणी आहे. या बाईला बालपणी भागवताचे हजारो श्लोक मुखोद्‌गत होते. कलकत्त्याच्या सभेत शीघ्र संस्कृत बोलून पंडितांना थक्क केलं ती हीच. आयुष्यातलं पहिलं धन, जे दुष्काळानं नेलं नाही, वैधव्यानं नेलं नाही, धर्मांतरानंही नेलं नाही, ते हे संस्कृत होतं. आणि त्यांनी पानामागून पान, ओळीमागून ओळ ते गाळत नेलं. चपखल बसणारा, वजनदार, विद्वानाला सुखावणारा शब्द बाजूला ठेवायचा आणि दुष्काळातून आलेल्या, नुकतीच बाराखडी शिकलेल्या मुलीला कळेल असा घ्यायचा. आणि हे जवळजवळ दीड तप, रोज.

त्या मुलीच खिळे जुळवत होत्या, मुद्रितं काढत होत्या, पानं दुमडून शिवत होत्या. 24 जुलै 1921 ला मनोरमाबाई गेल्या, चाळिसाव्या वर्षी. मुक्तीचा कारभार जिच्या हाती द्यायचा ती लेक गेल्यावरही रमाबाईंनी मुद्रितं वाचणं थांबवलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. छपाई पुरी झाली ती त्यांच्या पश्चात, केडगावच्या त्याच छापखान्यात, त्याच बायकांच्या हातून.